पूजेतून राहिलेला कॅमेरा

फोटोग्राफर फोटो काढतो आणि विसरून जातो. ते बघायचे कोणी? मी. इंद्रजीत एका लग्नातून चार हजार फोटो आणतो, माझ्या टेबलावर ओततो आणि जेवायला निघून जातो. मी झीशान. छावणीच्या बाजारात त्याचा स्टुडिओ आहे, तिथं मागच्या खोलीत बसून मी अल्बम बनवतो. चार हजारांतले दीडशे निवडायचे, रंग सारखे करायचे, पानं लावायची, नवरदेवाच्या काकाचं पोट आत घ्यायचं. शहरातल्या निम्म्या नवऱ्यांच्या पुटकुळ्या मी पुसल्यात, आणि त्या नवऱ्या क्रांती चौकात भेटल्या तर ओळखसुद्धा दाखवत नाहीत. असो.

आधी इंद्रजीतकडं एक कॅमेरा, एक लेन्स आणि एक मोटारसायकल होती. तेव्हाचे त्याचे फोटो बघताना माझा चहा गार व्हायचा. मग लोक विचारायला लागले, ड्रोन आहे का, क्रेन आहे का, किती कॅमेरे लावणार. याचंही मन भुललं. दर सीझनला एकेक बॅग वाढत गेली. लांबचं बघायची लेन्स, जवळचं बघायची लेन्स, लाईट, लाईटच्या छत्र्या, स्टँड, कॅमेरा हलू नये म्हणून एक दांडा, आणि तो दांडा ठेवायला वेगळी पेटी. नाकापेक्षा मोती जड. गाडीत सामान बसलं की माणसाला जागा उरायची नाही, आणि याची कंबर धरली की राजनंदिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, रात्री मलम चोळत बसावं लागायचं.

फोटो मात्र वाळत गेले. हा लेन्स बदलेपर्यंत हसणारी बाई हसून मोकळी झालेली असायची. मग तो मांडवाच्या टोकाला उभा राहायचा आणि लांबच्या लेन्सनं माणसं टिपायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते. एकेक फोटो लख्ख, आणि त्यातली माणसं बँकेच्या दारावरच्या कॅमेऱ्यात दिसतात तशी. माझी जीभ तिखट आहे, मी तोंडावर सांगायचो. तो म्हणायचा, झीशान, गिऱ्हाईक आधी बॅगा बघतं, फोटो नंतर. त्याचंही खोटं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात इंद्रजीतचे वडील गेले. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं त्यांचं गाव आहे. तिथं त्याची आई, आवडाबाई, एकटी राहिली. इंद्रजीत एकुलता एक. लई मिनतवाऱ्या करून त्यानं तिला इथं आणलं. तिनं येतानाच सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत बघते, जमलं तर राहते, नाय तर कन्नडची गाडी काय बंद झाली नाय. तेव्हापासून त्याच्या जिवाला एकच घोर होता, की माय राहिली पाहिजे. गावात आता तिला रात्री पाणी विचारणारं कोणी नव्हतं.

त्या घोरापायी तो तिच्याशी असा बोलायला लागला, जसं लोक नव्या व्याह्याशी बोलतात. माय, तुला चालेल का. माय, तू म्हणशील तसं. मी या दोघांचं गावाकडचं बोलणं फोनवर ऐकलेलं होतं. तिकडून ती ओरडायची, इकडून हा, आणि शेजारच्या टेलरला वाटायचं की काहीतरी जमिनीचं चाललंय. प्रत्यक्षात ते भाजी काय केली यावर असायचं. आता सगळं साजूक तुपातलं झालं होतं. राजनंदिनीनं एकदा मला म्हटलं की घरात तिघं आहेत आणि तिघंही पाहुणे वाटतात.

फ्लॅटमध्ये बाईचा जीव गुदमरायचा, म्हणून दुपारी ती स्टुडिओत येऊन माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायची. मला बाबा म्हणायची. मी तिला मावशी. पडद्यावर लग्नं सरकत राहायची आणि ती शेंगा सोलत शेरे मारायची. या बाईचे दात दुखत असतील. हा पोरगा नवरीकडं बघंना, जेवणाकडं बघतोय. हे सगळे कॅमेऱ्याला भिऊन हसू लागलेत. मला तिच्या शेऱ्यांचा उपयोग व्हायचा, दोन-चार फोटो मी त्यावरून काढूनही टाकलेत.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराची पूजा असते. गॅरेजवाला पान्यांची करतो, न्हावी वस्तऱ्याची, शेतकरी नांगराची आणि विळ्याची, आमच्याकडं कॅमेऱ्यांची. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नमस्कार करून उचलायचं आणि कामाला लागायचं. इतकी वर्षं हे राजनंदिनी करायची. ती नर्स आहे, तिचे हात झटपट. बॅगा बंदच असायच्या, वर एकेक फूल, चेनजवळ कुंकवाचं बोट, झाली पूजा. यंदा तिची ड्युटी होती आणि इंद्रजीतच्या डोक्यात आलं की पूजा मायच्या हातानं करायची.

नवरा गेल्यापासून आवडाबाईनं हळदीकुंकवाला हात लावला नव्हता. चैत्रात शेजारच्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकू झालं, तेव्हा ही बोलावलेलं असून आतल्या खोलीत मटकी निवडत बसली होती. ती इंद्रजीतला म्हणाली, "बाबा, माझ्या कपाळाला नाय ते, त्या यंत्राला कोणत्या हातानं लावू? काय इपरीत झालं तर?"

इंद्रजीत म्हणाला, असलं काही नसतं, तूच करायची. मला त्याचं ते वागणं आवडलं. तो नेहमीसारखा हळू बोलत होता, पण त्या दिवशी हटला नाही. मग तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, घडीचं लुगडं नेसली, पूजा होईपर्यंत चहासुद्धा घेणार नाही म्हणाली. मी तिथंच होतो. माझ्या कम्प्युटरकडं बघून तिनं विचारलं, याला लावू का? म्हटलं, लावा, मावशी, पण पडद्याला नको, डब्याला लावा. तिनं डब्याला बोट लावलं आणि वर एक झेंडू ठेवला. मग इंद्रजीतला विचारत होती की या नळकांड्यांचं काम कुठून होतं. तो फोनवर होता, उद्याच्या गिऱ्हाइकाशी ड्रोनचं बोलत होता. त्यानं बोटानं पुढची काच दाखवली आणि बोलत बोलत बाहेर गेला. माझी घरी जायची वेळ झाली होती, मीही निघालो.

दसऱ्याला सकाळीच त्याचा फोन आला. म्हणाला, लवकर ये, आणि घरी कुणाला सांगू नको.

जाऊन बघतो तर पाटावर सगळ्या लेन्स ओळीनं उभ्या, झाकणं काढलेल्या. देवापुढं तोंड झाकून कोण बसतं? प्रत्येकीच्या काचेवर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर अक्षता, फुलानं शिंपडलेलं पाणी, आणि सगळं रात्रभर वाळलेलं. कॅमेऱ्यांचीसुद्धा तोंडं उघडी, आतल्या आरशापर्यंत कुंकू पोचलेलं. ड्रोनच्या डोळ्याला टिळा आणि चारही पात्यांना बोटं ओढलेली. विळ्याला कुंकू मुठीला लावत नाहीत, पात्याला लावतात, जिथून काम होतं तिथं. बाईनं तिच्या हिशोबानं एकही चूक केली नव्हती. मी "या अल्ला" म्हणून खाली बसलो.

इंद्रजीतनं हवा मारायच्या रबरी पंपानं एका लेन्सवर फुंकर घातली, तर पूड कड्यांच्या फटीतून आत गेली. मुंबईच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, काही पुसू नका, खरखरीत पूड आहे, काचेवर ओरखडे जातील, जसं आहे तसं पाठवून द्या. दसऱ्याच्या दिवशी शहरातला प्रत्येक कॅमेरा कुठल्या ना कुठल्या मुहूर्तावर असतो. भाड्यानं मागायला कुणाच्या दारात जाणार? आणि कन्नडला सांडूअण्णांच्या पोरीचा, प्रेरणाचा, साखरपुडा वाट बघत होता.

मी म्हटलं, मावशीला विचार तरी, हे केलं काय. इंद्रजीतनं माझा दंड धरला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "एक शब्द नाय, झीशान. तिला कळलं तर ती कुंकवाला दोष देणार नाय, स्वतःच्या हाताला देईल. दुपारच्या गाडीनं जाईल ती."

त्यानं मला माझ्या अम्मीची शप्पथ घातली. मी घेतली, पण मनातून चिडलो होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो त्यानं खायचा ठरवला होता तर खाऊ दे, मला कशाला त्यात ओढायचं? शिवाय खोटं सांभाळणं माझ्या स्वभावातच नाही.

पूजेतून एकच कॅमेरा राहिला होता. माझ्या ड्रॉवरमधला. इंद्रजीतचा पहिला, पट्टा तुटलेला, त्यावर एकच छोटी पस्तीसची लेन्स. लोक जुने फोटो घेऊन येतात, त्यांच्या नकला काढायला मी तो वापरायचो. त्या लेन्सला पुढं-मागं करता येत नाही. आपण उभं राहून जेवढं बघतो साधारण तेवढंच ती बघते, आणि माणूस मोठा दिसायला पाहिजे असेल तर स्वतः त्याच्याजवळ चालत जावं लागतं. इंद्रजीतनं पट्ट्याच्या जागी सुतळी बांधली आणि मोटारसायकलवर निघाला. गाडी न्यायचं कारणच उरलं नव्हतं. वाटेत मायचा फोन आला, सामान उचललं का, नीट चालतंय का? झकास चालतंय, म्हणाला.

मी तिथं गेलो नव्हतो. पण एवढी वर्षं फोटो बघून मला माणूस कुठं उभा होता, कधी घाबरला, कधी जेवला, सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी त्यानं कार्ड आणून दिलं. एरवीच्या मानानं त्यात मूठभर फोटो होते.

सुरुवातीचे सगळे रद्दी. लांबून काढलेले, माणसं मुंगीएवढी, वर नुसतं आभाळ. तो म्हणाला, पहिला तासभर हात कुठं ठेवावा तेच कळेना, नागडा उभा असल्यासारखं वाटत होतं. सांडूअण्णांनी त्याच्या मागं बघितलं, बाकीचं सामान कुठंय म्हणून. यानं सांगून टाकलं की सामान पूजेला बसलंय, उचललं नाही. सांडूअण्णा शेतकरी माणूस, त्यांचा ट्रॅक्टर स्वतःच हार घालून उभा होता. ते म्हणाले, मग हा कसा चालतो? हा पूजेत नव्हता, असं यानं सांगितलं. त्यांचं तोंड मात्र आंबट झालं ते झालंच.

मग फोटो बदलतात. पहिला बदल मी बरोबर बोट ठेवून दाखवू शकतो. आतल्या खोलीत कासारीण प्रेरणाला बांगड्या भरतेय. लांबची लेन्स असती तर इंद्रजीत दारातच थांबला असता. इथं त्याला आत जाऊन, बायकांची परवानगी घेऊन, जमिनीवर मांडी घालून बसावं लागलं. बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडलीय, पोरीनं डोळे मिटून दात आवळलेत. आणि शेजारी तिची आई, लीलाबाई, पोरीच्या तोंडाकडं बघतच नाही, त्या हाताकडं बघतेय. त्या बघण्यात काय आहे ते मला शब्दांत सांगता येत नाही. मी अल्बमवाला आहे. पण माझा चहा गार झाला एवढं खरं.

तिथून पुढं फोटोग्राफर आहे हे लोक विसरले. लाईट नाही, छत्री नाही, सुतळीवाला एक माणूस. कुणीतरी त्याच्या हातात पेढ्यांचं ताट दिलं आणि वाट म्हणून सांगितलं. यानं वाटले. एका हातात ताट, एका हातात कॅमेरा, आणि वाटता वाटता फोटो. पेढा घेताना माणसाचा चेहरा कसा उघडा पडतो, ते मी इतक्या लग्नांत कधी बघितलं नव्हतं. एक म्हातारा दोन घेतोय आणि तिसऱ्याकडं बघतोय. एक जावई घेऊ की नको करतोय, त्याचं बिनसलेलं दिसतंय. आचारी कढईपाशी बसून स्वतःच्याच बुंदीकडं संशयानं बघतोय.

शेवटी सगळ्या घराचा फोटो. स्टेजवर ते लाल सोफे आणि पन्नास माणसं, या लेन्समध्ये मावणार नव्हती. मागं सरकायला मागं भिंत. म्हणून त्यानं सगळ्यांना स्टेजवरून खाली उतरवलं आणि बाहेर ट्रॅक्टरपाशी नेलं. झेंडूचे हार घातलेला ट्रॅक्टर, चाकावर पोरं, बॉनेटला टेकून सांडूअण्णा, ट्रॉलीत बायका, लोकांच्या खिशात आपट्याची पानं. प्रेरणा ड्रायव्हरच्या सीटवर, हिरव्या बांगड्यांचे हात स्टिअरिंगवर, आणि होणारा नवरा खाली उभा राहून वर बघतोय. तिला तिथं बसायला कुणी सांगितलं, विचारलं, तर म्हणाला, तिचीच ती बसली.

मी सगळे फोटो दोनदा बघितले. मग बाहेर जाऊन त्याला म्हटलं, "मियाँ, इतके साल तू किधर था?" तो हसला नाही. म्हणाला, झीशान, बॅग असली की माझं अर्धं डोकं बॅगेत असतं. कोणती लेन्स लावू, लाईट कुठं ठेवू. काल पर्यायच नव्हता, म्हणून नुसतं बघत होतो. मला त्याच्याबद्दल त्या दिवशी लई माया वाटली, हे सांगायला लाज कसली?

सांडूअण्णा अल्बम न्यायला आले तेव्हा भांडायच्या तयारीनं आले होते. बसले, पानं उलटली, बांगड्यांच्या पानावर थांबले. बराच वेळ त्यांनी बायकोच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला होता. मग एवढंच म्हणाले की हा कुठं दुकानात लावू नका, हा घरातला आहे. ड्रोनचं नावसुद्धा काढलं नाही.

त्यानंतर इंद्रजीत त्या एका कॅमेऱ्यावरच कामं करायला लागला. बारसं, दुकानाचं उद्घाटन, डोहाळजेवण. गिऱ्हाईक कुरकुरायचं, तो चालवून न्यायचा. पाठवलेलं सामान धुऊन-पुसून मुंबईहून परत आलं, तो खोका त्यानं फोडलासुद्धा नाही, तसाच कपाटात ठेवून दिला. राजनंदिनी खूश होती, मलमाची बाटली संपेना. मीही खूश होतो, चार हजार फोटोंची शिक्षा टळली होती. आम्ही सगळे असे आपापल्या खुशीत होतो आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलेल्या बाईकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

ती मात्र सगळं बघत होती. एकदा तिनं मला विचारलं, "बाबा, ते बाकीचं सामान त्यो कामून नेत नाय?" मी खरं तेच सांगितलं, की हलकं असलं की त्याला सुचतं, फोटो चांगले येतात. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच शेंगा चोरल्यात. दुसऱ्यांदा विचारलं, मी परत तेच सांगितलं. खोटं बोललो असतो तर कदाचित पटलं असतं. सांगा बरं, एवढं महागाचं सामान कपाटात ठेवून कुणी सुतळीचा कॅमेरा घेऊन फिरतो, हे कोणत्या शेतकऱ्याच्या बायकोला पटेल? त्यानंतर ती शेरे मारायची बंद झाली. शेंगा सोलायची आणि खाली बघत राहायची. मला वाटलं, दिवाळी आली, गावाची आठवण येत असेल.

वसुबारसेच्या दुपारी दारात रिक्षा थांबली. आवडाबाई उतरली, हातात तिची कापडी पिशवी, फुगलेली. रिक्षावाल्याला थांब म्हणाली, बसस्टँडला जायचंय. आत आली आणि माझ्या हातात फ्लॅटची किल्ली ठेवली. सूनबाई ड्युटीवर, इंद्रजीत बाहेर, म्हणून तुझ्याकडं देते म्हणाली. मी विचारलं, मावशी, कुठं?

"गावाला. बाबा, तू मला दोन डाव सांगितलंस, पण मला कळतं. माझा हात लागल्यापासून त्यानं त्यातल्या एकाही वस्तूला हात लावला नाय. ज्याला माझा हात लागला नाय, तेवढाच चालतोय. त्यो तोंडानं बोलायचा नाय, लई गुणाचा हाय. पण माझा हात इपरीत हाय तर म्या त्याच्या घरात चूल तरी कोणत्या हातानं पेटवू?"

हे ती रडून बोलत नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. कपाट माझ्या मागं, त्यात तो न फोडलेला खोका, आणि अम्मीची शप्पथ माझ्या गळ्यात. तेवढ्यात मोटारसायकल वाजली आणि इंद्रजीत आत आला. पिशवी बघून त्याला कळलं.

तो लगेच सुरू झाला, त्याच व्याह्याच्या आवाजात. माय, असं काय करतेस, तसं काही नाही, तू बस, चहा घे, तू म्हणशील तसं करू. जितका तो गोड बोलत होता तितकी ती दाराकडं सरकत होती. म्हणाली, तुझं काय चुकलं नाय, बाबा, माझंच नशीब. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवायला हात उचलला आणि मधेच मागं घेतला.

तो मागं घेतलेला हात मला बघवला नाही. मी उठलो, कपाट उघडलं, खोका उचलून दोघांच्या मधे टेबलावर आदळला आणि इंद्रजीतला म्हटलं, "आता तू बोलतो का मी बोलू? माझ्या अम्मीला मी समजावीन."

इंद्रजीत तडकला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचा खरा आवाज ऐकला.

"अगं हात इपरीत कसला, तू येडी हायेस! काचेला कुणी ओलं कुंकू लावतं व्हय? झाकणं काढून! आत तांदूळ टाकले, तांदूळ! सगळ्या लेन्सा मुंबईला पाठवून खोलून धुवाव्या लागल्या. ड्रोनला हळद लावलीस तू. त्यो काय नवरदेव हाय?"

आवडाबाई जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आता ही खाली बसते. तिनं खोक्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि विचारलं, "म्हंजे कुंकवानं बिघडलं?"

"कुंकवानं! ओल्या कुंकवानं! राजनंदिनीनं असं लावलं असतं तरी बिघडलं असतं. कुणीबी लावलं असतं तरी बिघडलं असतं!"

ते शेवटचं वाक्य बाईच्या आत कुठंतरी जाऊन बसलं. मी समोर उभा होतो, मला दिसलं. तिचे खांदे खाली आले. आणि मग तिचा आवाज असा चढला की शेजारचा टेलर मशीन थांबवून दारात आला.

"मग त्याच दिवशी बोंबलायचं की, मुडद्या! इतके दिवस म्या घास गिळंना, रात रात जागी हाय! तुझ्या बापाच्या विहिरीवरच्या मोटारीला म्या तेलातलं कुंकू लावलं होतं, ती जळाली, तर त्यानं मला अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं झाडलं होतं, आन संध्याकाळी माझ्याच हातची भाकर खाल्ली. तू कोण लागून गेलास मला सांभाळून घेणारा? आन आता सामान धुऊन आलंय तर नेत कामून नाय?"

"नाय लागत म्हणून! ओझं हाय नुसतं! इचार झीशानला!"

"मग ओझ्याची पूजा कशाला करायला लावलीस मला?"

टेलर हसत होता, त्याला मी डोळे वटारले. बाहेर रिक्षावाला कधीचा हॉर्न वाजवत होता. आवडाबाईनं पिशवी माझ्या टेबलावर टाकली आणि दारातूनच त्याला ओरडून सांगितलं की जा बाबा तू, आमचं भांडण अजून संपायचं हाय.